चिखल, चढ आणि पहिली अल्ट्रा: नवीन येणाऱ्यांसाठी सगळी तयारी

रोडवर दोन-चार मॅरेथॉन झाल्या की डोंगर खुणावायला लागतात, माझंही तसंच झालं. माझी पहिली ट्रेल अल्ट्रा (म्हणजे डोंगरवाटेवरची, मॅरेथॉनपेक्षा लांब रेस) ५० किमीची होती, एकूण चढाई २,४०० मीटर, आणि आधीचे तीन दिवस पाऊस थांबलाच नव्हता. रोड मॅरेथॉन साडेचार तासांत होते म्हणजे ही आठ तासांत उरकेल असा हिशोब मी मनाशी केला होता. लागले ११ तास ४० मिनिटं. वरच्या त्या जवळजवळ चार तासांसाठी माझ्याकडे खायला नव्हतं, हेडटॉर्च चार्ज नव्हता, कोरडे मोजे नव्हते. त्यानंतर अशा आणखी सहा रेस झाल्या, त्यातली एक अर्ध्यात सोडावी लागली, आणि प्रत्येक वेळी तेच कळत गेलं की चिखलात किलोमीटरचा हिशोब कामाचा नाही, तासांचा हिशोब करायचा. खाणं, पाणी, बॅटरी, मोजे, सगळं "किती तास" या एकाच प्रश्नावर ठरतं. तर खाली जे लिहिलंय ते त्याच हिशोबाने लिहिलंय.

१. रेस निवडताना आकडे नीट वाचा

४२.१९५ किमीच्या पुढचं काहीही अल्ट्रा. नेहमीची अंतरं ५० किमी, ८० किमी (म्हणजे ५० मैल), १०० किमी आणि १६१ किमी (१०० मैल). पहिलीच असेल तर ५० च्या पुढे जाऊ नका, खरंच. अंतरासोबत एकूण चढाई बघा, कट-ऑफ (पोहोचण्याची शेवटची वेळ) बघा, आणि रूट लूपचा, म्हणजे त्याच वाटेच्या फेऱ्यांचा, आहे का तेही बघा. लूप असेल तर दुसऱ्या फेरीला तुम्ही जाल तोपर्यंत शेकडो पायांनी त्या वाटेचा लगदा केलेला असतो, पहिल्या फेरीत दीड तास लागला म्हणून दुसऱ्या फेरीतही तेवढाच लागेल असं धरू नका. मागच्या ग्रुपमध्ये पळणाऱ्यांना तर पहिल्यापासूनच तुडवलेली वाट मिळते आणि कट-ऑफ मात्र सगळ्यांना सारखाच असतो.

मागच्या वर्षांचे रिझल्ट उघडा आणि जिंकणाऱ्याकडे न बघता शेवटच्या पंचवीस टक्क्यांत किती वेळ लागलाय ते बघा. पावसाचं वर्ष आणि कोरडं वर्ष यांत कधीकधी दोन-तीन तासांचा फरक दिसतो.

२. तासांचा हिशोब मांडा

विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये डोंगरात चालण्यासाठी एक साधा नियम दिला होता, तो आजही उपयोगी पडतो: दर ५ किमीला एक तास, आणि वर प्रत्येक ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. माझ्या रेसला लावून बघा, ५० किमीचे १० तास अधिक २,४०० मीटरचे ४ तास, झाले १४. हा चालणाऱ्याचा वेळ. रोडच्या वेगाने काढलेला वेळ दुसऱ्या टोकाला. तुमचा खरा वेळ या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी येतो, आणि चिखल असेल तर नेस्मिथच्या बाजूला सरकतो. पहिल्या रेसला सगळी तयारी नेस्मिथच्याच आकड्यावर करा. लवकर पोहोचलात तर दोन जेल (पळताना खायची गोड, घट्ट पाकिटं) उरतील, त्यात नुकसान काहीच नाही.

हा आकडा एका कागदावर लिहा, त्याखाली प्रत्येक एड स्टेशनला (वाटेतला खाण्या-पाण्याचा थांबा) साधारण किती वाजता पोहोचाल आणि तिथला कट-ऑफ किती ते लिहा, कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून बॅगेच्या पुढच्या कप्प्यात ठेवा. घड्याळ चिखलाने माखतं, मोबाइलची स्क्रीन ओल्या बोटांना दाद देत नाही, कागद मात्र वाचता येतो.

३. कागदपत्रं आणि रजिस्ट्रेशन

यात फार काही नाही पण शेवटच्या आठवड्यात धावपळ होते म्हणून आधीच जमवून ठेवा:

- फोटो असलेलं ओळखपत्र, बिब (छातीवर लावायचा नंबर) घेताना मूळ प्रत मागतात
- डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट, बऱ्याच रेसना ठराविक नमुन्यातच आणि अलीकडच्या तारखेचं लागतं
- आधीच्या एखाद्या रेसचं फिनिशर सर्टिफिकेट किंवा रिझल्टची लिंक, लांबच्या अंतरांना हे विचारतात
- इमर्जन्सी काँटॅक्ट, रक्तगट, अ‍ॅलर्जी आणि चालू असलेली औषधं
- इन्शुरन्स, आणि तो डोंगरातल्या रेससाठी चालतो का हे पॉलिसीत वाचून

रिफंड आणि एंट्री दुसऱ्याच्या नावावर करण्याचे नियम पैसे भरायच्या आधी वाचा. ओळखीच्या कोणाच्या बिबवर पळायचं तर अजिबात नाही, तुम्ही कुठे पडलात तर रेस्क्यूवाल्यांच्या हातात दुसऱ्याचा रक्तगट आणि दुसऱ्याच्या घरचा नंबर असतो.

४. बूट

चिखलासाठी तळाचे दाते खोल हवेत, ६ ते ८ मिमी, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे एकमेकांपासून लांब हवेत. दाते जवळजवळ असले की मधे चिकणमाती अडकते आणि दहा पावलांत तळ सपाट होतो, मग दाते असून नसून सारखेच. पण खोल दात्यांचे बूट ओल्या कातळावर आणि लाकडी पुलांवर चांगलेच घसरतात, तेव्हा रूटमध्ये खडक जास्त असेल तर ४-५ मिमीवर थांबा.

वॉटरप्रूफ बूट घेऊ नका. पाणी घोट्यावरून आत शिरतं आणि मग बाहेर पडायला वाटच नसते, दिवसभर पाणी भरलेले बूट घेऊन पळावं लागतं. जाळीचे घ्या, पाणी आलं तसं जाईल.

टाच घट्ट बसायला हवी. गुडघ्याखालपर्यंत रुतलेला पाय वर काढताना चिखल बूट ओढून घेतो, माझा एकदा असाच राहिला आणि मी एका मोज्यावर उभी राहून कोपरापर्यंत हात घालून तो शोधत होते, मागून येणारे सगळे बाजूने जात होते. तेव्हापासून वरचं शेवटचं छिद्र वापरून लेस बांधते, दुहेरी गाठ मारते आणि टोकं आत खोचते. नवे बूट घालून रेसला जाऊ नका, निदान ८०-१०० किमी झालेले हवेत आणि त्यातले थोडे तरी ओल्या पायांनी.

५. ट्रेनिंग: उताराची तयारी विसरू नका

चढाची भीती सगळ्यांना असते म्हणून त्याची तयारी होते, मांड्या मात्र उतारावर जातात. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावून शरीराला ब्रेक देत असतो आणि त्यात त्याचे तंतू फाटतात, दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही तो यामुळेच. चांगली गोष्ट अशी की एकदा असा मार बसला आणि स्नायू भरून आला की पुढचे काही आठवडे तो तेवढ्याच उताराला बराच कमी दुखतो. म्हणून रेसच्या साधारण तीन आठवडे आधी एक मोठा, मांड्या दुखवणारा उतार करून घ्या आणि त्यानंतर हलकं ठेवा.

बाकीचं असं:

- आठवड्यातून एकदा चढ-उताराच्या फेऱ्या. डोंगर नसेल तर उंच इमारतीचा जिना, वरही आणि खालीही.
- शनिवारी लांब, रविवारी पुन्हा मध्यम लांब. थकलेल्या पायांवर पळण्याची सवय यातूनच लागते. ५० किमीसाठी एका वेळी ३०-३५ किमीच्या वर जायची गरज नाही.
- भरभर चालण्याचा सराव. तीव्र चढावर जवळजवळ सगळेच चालतात, तिथे पळून फक्त धाप लागते. हात गुडघ्यांच्या वर मांडीवर टेकवून, थोडं वाकून, सलग चाळीस मिनिटं चढता यायला हवं.
- पाऊस आला की ठरलेला रन रद्द करू नका, त्याच दिवशी जा. ओली बॅग कुठे घासते, मोजे कसे गोळा होतात, हे घरी बसून कळत नाही.
- एक रन तरी रात्रीचा, टॉर्च लावून.

पोल (हातात धरायच्या काठ्या) वापरणार असाल तर आधी निदान दोन महिने वापरा, आणि रेसच्या नियमांत पोल चालतात का बघा. चिखलाच्या चढावर पोलचा खूप आधार होतो आणि डबक्याची खोली बघायलाही ते कामी येतात. निसरड्या उतारावर मात्र मनगटाचे पट्टे काढा, पडलात तर हात मोकळा हवा.

६. पायांची काळजी, सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

माझ्या बघण्यात चिखलाच्या रेस दम संपून कमी सुटतात, पायांच्या फोडांमुळे जास्त. पाय सात-आठ तास ओले राहिले की तळव्याची कातडी पांढरी पडते, फुगते, तिला खोल सुरकुत्या येतात आणि मग तीच सुरकुती प्रत्येक पावलाला दुमडून आतून सोलत जाते. पहिल्या रेसमध्ये २८ किमीला मी बूट काढला तेव्हा टाच उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी दिसत होती आणि बोट लावलं की हलत होती.

काय करायचं:

- नखं तीन-चार दिवस आधी कापा आणि कडा घासून गुळगुळीत करा. आदल्या रात्री कापू नका, जखम झाली तर भरायला वेळ मिळत नाही.
- टाचांची जाड कातडी आधीचे काही आठवडे घासून कमी करा. जाड कातडीखाली फोड आला तर फोडताही येत नाही.
- सकाळी दोन्ही तळव्यांना आणि बोटांच्या मधे पेट्रोलियम जेली किंवा पाणी रोखणारं क्रीम भरपूर लावा, कंजूषी नको.
- सुती मोजे नकोत. लोकरीचे किंवा सिंथेटिक घ्या. पाच बोटांचे मोजे मला मानवतात, सगळ्यांना मानवतील असं नाही.
- पायाला काही टोचतंय, गरम वाटतंय असं झालं की तिथेच थांबा. आत खडा गेला असेल, मोजा दुमडला असेल. तीन मिनिटं जातील. न थांबल्यास पुढच्या प्रत्येक तासाला दहा मिनिटं जातात.
- ड्रॉप बॅगमध्ये (वाटेतल्या एड स्टेशनला आधीच पाठवलेली बॅग) कोरडे मोजे, छोटा टॉवेल, पाण्याची एक जास्तीची बाटली (पाय धुवायला, चिखलावर क्रीम लावून उपयोग नाही) आणि टेप ठेवा. पाय धुऊन, पुसून, पाच मिनिटं उघडे ठेवून मग क्रीम आणि नवे मोजे. पुढच्या डबक्यात पुन्हा ओले होणारच, तरी तेवढ्या वेळात कातडी थोडी सावरते.

जांघा, काखा, बॅगेचे पट्टे टेकतात ती जागा, सगळीकडे क्रीम. ओल्या कपड्यात माती शिरली की तो कपडा सँडपेपर होतो.

७. थंडी: ही जीवावरची गोष्ट आहे

२२ मे २०२१ ला चीनच्या गान्सू प्रांतात १०० किमीच्या डोंगरी रेसमध्ये अचानक गारा, गार पाऊस आणि जोराचा वारा आला, निघालेल्या १७२ जणांपैकी २१ जण थंडीने गारठून मरण पावले, आणि त्यात कसलेले, नावाजलेले धावपटू होते. जॅकेट तिथे सक्तीच्या सामानात नव्हतं. म्हणून कृपा करून सक्तीच्या सामानाकडे "उगाच वजन" म्हणून बघू नका.

कोरड्या हवेपेक्षा पाणी शरीराची उष्णता साधारण २५ पट वेगाने ओढून नेतं. पळत असता तोवर अंगात ऊब असते. चिखलाने वेग कमी झाला, खाणं संपलं, वर वारा सुटला की शरीर पटकन गार पडतं, आणि बाहेर हवा फार थंड असावीच लागते असंही नाही.

माझ्यासोबत ३४ किमीच्या एड स्टेशनला हेच झालं. जॅकेट बॅगेतच होतं पण "पुढच्या स्टेशनला घालू" करत मी तासभर तशीच ओली पळाले, आणि पोहोचल्यावर बॅगेची चेन उघडेना. बोटं दिसत होती, हलत नव्हती. तिथल्या एका काकूंनी काही न विचारता बॅग ओढून घेतली, जॅकेट काढलं, लहान मुलाला घालतात तसं माझे हात बाह्यांत घातले, चेन गळ्यापर्यंत लावली आणि कोमट सूपचा कप माझ्या दोन्ही हातांच्या मधे धरून उभ्या राहिल्या. वीस मिनिटं लागली बोटं परत यायला. त्यामुळे हुडहुडी भरण्याच्या आधी जॅकेट घाला, बोटं चालतायत तोवर.

बॅगेत काय हवं:

- टोपी असलेलं, शिवणीवरून टेप मारलेलं वॉटरप्रूफ जॅकेट. नुसता विंडचीटर अर्ध्या तासात भिजतो.
- पूर्ण बाह्यांचा जास्तीचा कोरडा थर, झिप असलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत
- कानटोपी किंवा बफ (गळ्या-डोक्याला घालायची कापडी नळी), हातमोजे
- चमचमता इमर्जन्सी ब्लँकेट
- शिट्टी, चार्ज केलेला मोबाइल (एअरप्लेन मोडवर), रूटची जीपीएक्स फाइल (नकाशावर वाट दाखवणारी) घड्याळात आणि मोबाइलमध्ये दोन्हीकडे
- हेडटॉर्च आणि त्याची जास्तीची बॅटरी
- क्रेप बँडेज, टेप, अँटिसेप्टिक

सोबतचा कोणी बडबडायचा थांबला, अडखळून बोलायला लागला, विनाकारण चिडला किंवा कुडकुडणं अचानक थांबलं तर त्याला एकटं सोडू नका. कुडकुडणं थांबणं हे बरं होण्याचं नाही, बिघडण्याचं लक्षण आहे. आडोसा, कोरडे कपडे, ब्लँकेट, आणि पुढच्या मार्शलला (वाटेवर नेमलेला रेसचा माणूस) निरोप.

८. खाणं-पाणी तासावर

दर तासाला साधारण ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात जायला हवेत. एका जेलमध्ये बहुतेक वेळा २०-२५ ग्रॅम असतात, एका मध्यम केळ्यात साधारण तेवढेच. बारा तासांचे झाले ७०० ग्रॅमच्या वर, हे सगळं जेलवर भागवायला गेलात तर आठव्या तासाला गोडाची शिसारी येते, म्हणून खारट आणि चावून खायचं काहीतरी हवंच, मीठ लावलेले उकडलेले बटाटे मला शेवटपर्यंत चालतात. पोटालाही सराव लागतो, लांबच्या रनला हेच खाऊन बघा. घड्याळात दर २५ मिनिटांनी गजर लावा कारण चिखलात सगळं लक्ष पायाखाली असतं आणि खायचं राहून जातं. पाकिटांची टोकं घरीच थोडी कापून ठेवा, चिखलाच्या हातांनी फाटत नाहीत.

पाणी तहानेप्रमाणे. तहान नसताना नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, बोटं सुजतात, अंगठी घट्ट होते, मळमळतं, डोकं भ्रमिष्टासारखं होतं, आणि यात माणसं दगावलेली आहेत. सोबत मिठाच्या गोळ्या घेतल्या म्हणून हवं तेवढं पाणी प्या असं नसतं.

आणि दुखतंय म्हणून रेसमध्ये आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या घेऊ नका. इतके तास पळताना मूत्रपिंडांवर आधीच ताण असतो, त्यात ही गोळी भर घालते.

९. चिखलात पाऊल कसं टाकायचं

पावलं छोटी आणि भरभर, पाऊल शरीराच्या खाली पडेल असं. लांब टांग टाकली की टाच आधी टेकते आणि तीच सटकते. नजर तीन-चार मीटर पुढे. उतारावर भीतीने मागे रेलू नका, मागे रेललं की पाय पुढे निसटतात आणि बसणं ठरलेलं, गुडघे वाकवा, हात पसरा, थोडं पुढे झुका. फारच तीव्र असेल तर अंग उताराला आडवं वळवून एकेक पाऊल, कडेचं गवत धरून. गवताच्या पुंजक्यावर पाऊल चांगलं ठरतं.

ओली मुळं सगळ्यात फसवी, विशेषतः वाटेला तिरकी असलेली. शक्य असेल तर ओलांडून जा, पाय देऊ नका. शेवाळलेल्या दगडाचंही तेच. डबकं आलं की नवीन लोक कडेकडेने जातात, कड बहुतेक वेळा मऊ आणि तिरकी असते, मधली जमीन जास्त घट्ट लागते, शिवाय सगळे कडेने गेले की वाट रुंदावत जाते आणि आजूबाजूचं रान तुडवलं जातं. पाय ओले होणार हे पहिल्या किलोमीटरलाच स्वीकारा. फक्त तळ दिसत नसेल तर आधी पोल घालून बघा.

ओढ्याला पाणी चढलं असेल तर मार्शल सांगेल तोवर थांबा. ओलांडताना बॅगेची छातीवरची क्लिप उघडी ठेवा, तोंड प्रवाहाकडे, एका वेळी एकच पाय उचला. वेगाचं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर जायचं नाही, समोरून कोणी गेलेलं दिसलं तरीही.

धुक्यात डोक्यावरच्या टॉर्चचा उजेड परत डोळ्यांवर येतो आणि समोर पांढरी भिंत दिसते. तो काढून हातात किंवा कमरेपाशी धरा, खड्ड्यांच्या सावल्या लगेच दिसायला लागतात. पाच-दहा मिनिटं एकही मार्किंग दिसलं नाही तर पुढे जाऊ नका, शेवटच्या मार्किंगपर्यंत परत या.

१०. सोडायची वेळ

मी जी रेस सोडली ती घोट्यामुळे. दुखतंय, कंटाळा आलाय, रडू येतंय, हे सोडण्याचं कारण नाही, आधी खा, दहा मिनिटं बसा, मग ठरवा, बहुतेक वेळा उठता येतं. पण पायावर वजन पेलत नसेल, लघवी कोलासारखी काळपट होत असेल, छातीत दुखत असेल, कोरडं घालूनही कुडकुडणं जात नसेल तर तिथेच संपवा. आणि सोडलीत तर मार्शलला सांगून, बिब दाखवूनच निघा. न सांगता गाडीत बसून निघून गेलात तर स्वयंसेवक रात्रभर त्या चिखलात तुम्हाला शोधत फिरतात.

११. पोहोचल्यावर

आधी कोरडे कपडे, फोटो नंतर. ओरखडे आणि फोड साबणाने धुऊन मातीचा कण न् कण काढा, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते आठवा. साचलेल्या पाण्यातून आणि चिखलातून लेप्टोस्पायरोसिस होतो, २००० साली मलेशियात सबाहला झालेल्या इको-चॅलेंज नावाच्या साहसी स्पर्धेत कितीतरी स्पर्धकांना तो झाला होता. ताप यायला कधी दोन दिवस लागतात कधी महिनाही लागतो, म्हणून पुढच्या महिनाभरात ताप, अंगदुखी, डोळे लाल असं काही झालं तर डॉक्टरांना "मी चिखलातून, ओढ्यातून पळाले होते" हे आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.

बूट त्याच दिवशी धुवा, दात्यांमधली माती काडीने काढून. या मातीतून झाडांचे रोग आणि तणाचं बी एका रानातून दुसऱ्या रानात जातं, न्यूझीलंडमध्ये कौरीची जुनी झाडं अशाच मातीतल्या रोगाने मरतायत आणि तिथे जंगलात शिरताना बूट घासावे लागतात. आतले तळ काढून वेगळे वाळवा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरा, दोन-तीन तासांनी बदला. उन्हात किंवा हीटरजवळ ठेवू नका, गोंद सुटतो.